सव्वा मासा

परवा पुण्यातल्या एका मित्राचा फोन आला होता. "काय रे, तिकडे शनिवार-रविवार काय करतोस?" म्हटलं, मासे पकडतो. "आणि मग?" मग सोडून देतो. पलीकडे पाच सेकंद शांतता. मग म्हणाला, "म्हणजे हापिसातलं करतोस तेच. काम करायचं आणि रोलबॅक मारायचा."

हसलो खरा, पण फोन ठेवल्यावर ते डोक्यात राहिलं. कारण रोलबॅकला निदान डेटा जागेवर येतो. माशाचं तसं होत नाही, हे मला गेल्या दोन वर्षांत जरा महागात कळलंय. म्हणजे मला नाही, एका माशाला महागात पडलं. म्हणून हा लेख. ज्यांना मासे-बिसे प्रकारात रस नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, पुढच्या शनिवारी दुसरं काहीतरी लिहीन. :-)

तर आधी थोडी पार्श्वभूमी. मी राहतो मेरीलँडमध्ये, ॲनापोलिसपासून अर्ध्या तासावर. पोटासाठी दिवसभर एसक्यूएल क्वेऱ्या लिहितो. इथे चेसापीक नावाचा उपसागर आहे, उत्तर-दक्षिण तीनशे किलोमीटरच्या वर लांब. नाव उपसागर असलं तरी आपल्या भाषेत ती एक अवाढव्य खाडीच. वरून नद्यांचं गोडं पाणी, खालून अटलांटिकचं खारं, मध्ये सगळं निमखारं. त्याच्या एका अरुंद जागी सँडी पॉइंटपासून केंट आयलंडपर्यंत एक पूल जातो. कागदोपत्री नाव एका माजी गव्हर्नरचं, पण सगळे त्याला बे ब्रिजच म्हणतात. पहिला पूल १९५२ चा, शेजारी त्याचा जुळा भाऊ १९७३ चा. लांबी सात किलोमीटरच्या आत-बाहेर. अटल सेतू बघितलेल्या मुंबईकरांना सात किलोमीटरचं कौतुक वाटणार नाही, पण हा मध्ये इतका उंच चढतो आणि कठडे इतके बुटके की काही लोक त्यावरून गाडी चालवायला घाबरतात. पैसे घेऊन अशा लोकांची गाडी पलीकडे नेऊन देण्याचा धंदाही इथे चालतो. आपल्याकडे कुणाला सुचला असता तर पूल व्हायच्या आधी बुकिंग फुल्ल झालं असतं.

वरून जाणाऱ्यांना भीती वाटते. खालून जाणाऱ्यांना मात्र हा पूल म्हणजे खाणावळ आहे. म्हणजे माशांची खाणावळ, आणि मग माशांच्या मागे येणाऱ्या माझ्यासारख्यांची.

मासा कुठला? स्ट्राइप्ड बास. मेरीलँडमधली माणसं त्याला रॉकफिश म्हणतात. रुपेरी अंग आणि त्यावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, जणू शाळेतली रेघी वही गुंडाळून ठेवलीय. मोठी मादी वसंतात समुद्रातून उपसागरात शिरते, नद्यांच्या गोड्या पाण्यात जाऊन अंडी घालते आणि परत समुद्रात जाते. आपल्या अलिबाग-पेणकडचा जिताडा बरोबर उलटा, तो खाडीत वाढतो आणि अंडी घालायला समुद्राकडे जातो. दोघांना शेजारी ठेवलं तर खानदान एकच वाटावं. चवीला मात्र जिताडा जिताडाच. त्याबद्दल वाद नको.

आता पुलाखाली काय असतं ते सांगतो, कारण माझी सगळी मजा त्यातच आहे. भरती-ओहोटीचं पाणी पुलाच्या खांबांवर आदळतं आणि खांबाच्या मागे एक शांत भोवरा तयार होतो. खांबांवर कालवं, शिंपले, शेवाळ चिकटलेलं. ते खायला बारके मासे, खेकडे, कोळंबी. त्यांना खायला रॉकफिश. आळशी प्राणी आहे हा. प्रवाहात पोहत बसत नाही. खांबाच्या आडोशाला, सावलीत उभा राहतो आणि समोरून काही वाहत आलं की झडप. म्हणून तुम्ही खांबाच्या वरच्या अंगाला जायचं, शिशाचं डोकं असलेल्या गळावर रबरी मासा लावून सोडायचा आणि प्रवाहाला तो खांबाला घासून खाली नेऊ द्यायचा. दोरी जराशी सैल पडली, किंवा नुसतं 'टक्' झालं, की ओढ. शिसं जड झालं तर तळात अडकतं, हलकं झालं तर मासा असतो तिथपर्यंत पोचतच नाही. पाण्याचा वेग तासातासाला बदलतो, म्हणून वजन बदलत राहावं लागतं. चार-पाच वीकांत मी नुसतं शिसं अडकवून तोडण्यात घालवलेत.

मोटरबोटवाले तिथे इंजिनाच्या जोरावर उभे राहतात. माझी आहे पायाने पेडल मारायची कयाक. सेकंडहँड घेतली, बारा फुटी. पाय प्रवाहाशी भांडतात, हात मोकळे राहतात. डोक्यावर गाड्या सांध्यांवरून जातात त्याचा टडक-टडक आवाज सतत चालू. वर कुणीतरी समुद्रावर सुट्टीला चाललंय, कुणीतरी ट्रॅफिकला शिव्या घालतंय, आणि आपण त्यांच्या बुडाखाली गळ टाकून बसलोय, ही भावना मला अजून जुनी झालेली नाही. बाल्टिमोरला जाणारी मोठी जहाजं पुलाच्या मधल्या उंच भागाखालून जातात. ती गेल्यावर दोन-तीन मिनिटांनी लाट येते. ती विसरलात तर आंघोळ. दक्षिणेचा वारा आणि ओहोटी समोरासमोर आली की पाणी उभं राहतं, मग गपगुमान परत फिरायचं. लाइफ जॅकेट अंगात घालायचं, मागे बांधून ठेवायचं नाही. आणि थंडीत हवेकडे नाही, पाण्याच्या तापमानाकडे बघून कपडे घालायचे. हे सगळं मला आमच्या टीममधल्या म्हातारबुवांनी शिकवलं. बुवा म्हणजे आमचे डीबीए, निवृत्तीला टेकलेले, जन्म चेसापीकच्या काठावर गेलेला.

कयाकवर मोठा मासा लागला की तो तुम्हाला ओढत नेतो. अक्षरशः. बोट हलकी, त्यामुळे मासा पुढे आणि आपण मागे, बैलगाडीसारखे. इंजिन नाही, आवाज नाही, धूर नाही. दोन उन्हाळे मी या प्रकाराच्या इतक्या प्रेमात होतो की ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर लोकांना पिडायचो. कयाक म्हणजे सर्वात सोज्वळ मासेमारी. पकडा, मोजपट्टीवर ठेवा, फोटो काढा, सोडा. कयाकच्या स्पर्धाही अशाच होतात, फोटोवर गुण. कुणाचंच नुकसान नाही. मी तर घरी मांसाहार कमी केल्याच्या थाटात हे सांगायचो.

आता जुलै २०२४.

पहिला आठवडा, सुट्टी जोडून आलेली. सकाळी सहाला निघायचं ठरलेलं, पण रात्रीचं डिप्लॉयमेंट फसलं आणि सकाळ कॉलवर गेली. पाण्यात उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. हवा पस्तीस अंशांच्या वर. मेरीलँडचं नैसर्गिक संसाधन खातं, म्हणजे डीएनआर, उन्हाळ्यात दर दिवसासाठी रॉकफिशचा झेंडा जाहीर करतं. हिरवा, पिवळा, लाल. हवा ९५ फॅरनहाइट, म्हणजे ३५ सेल्सियस किंवा जास्त असेल तर लाल. लालचा अर्थ, सकाळी दहानंतर या माशाच्या मागे लागू नका. त्या दिवशी लाल होता. मी तो पाहिला होता. ती सूचना आहे, कायदा नाही, हेही मला माहीत होतं. आपण इंजिनियर लोक वॉर्निंगला काय करतो? बिल्ड झालं ना, मग चाललं.

तिसऱ्या खांबाला मासा लागला आणि मला पहिल्या झटक्यात कळलं की हा नेहमीचा नाही. कयाक फिरली. मासा मला दोन पुलांच्या मधल्या पट्ट्यात घेऊन गेला, मग बाहेर उन्हात. माझी रॉड हलकी, दोरी बारीक, कारण त्यात जास्त मजा येते असं सगळे म्हणतात, आणि खरंच येते. आठ-नऊ मिनिटं चाललं. त्यात अर्धा वेळ मी नुसता दात काढून हसत होतो, छातीवरचा कॅमेरा सगळं टिपतोय म्हणून. शेवटी जाळीत आला. मोजपट्टीवर ठेवला, एकतीस इंच. शेपूट आपटली, पट्टीवरून घसरला, पुन्हा ठेवला. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा. मग मांडीवर घेऊन एक सेल्फी.

मग सोडला.

तो आडवा झाला. धरला, तोंड प्रवाहाकडे करून उभा ठेवला, कल्ल्यांतून पाणी जाऊ दिलं. पुस्तकात लिहिलंय तसं सगळं. कल्ले एकदा-दोनदा हलले. हात काढला की पुन्हा आडवा. वीस मिनिटं मी त्याला धरून बसलो होतो, पाण्यात हात घातलेला, आणि ते पाणी आंघोळीच्या कोमट पाण्यासारखं होतं. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मी या बिचाऱ्याला ज्यात परत ढकलतोय ते त्याच्यासाठी घर राहिलेलंच नाही.

चेसापीकचं उन्हाळ्यातलं दुखणं असं आहे की शेतांतलं, शहरांतलं खत-सांडपाणी नद्यांतून उतरतं, त्यावर शेवाळ माजतं, ते मरून तळाला कुजतं आणि तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपवतं. रॉकफिशला हवं थंड पाणी. थंड पाणी खाली, पण तिथे श्वास घेता येत नाही. वर श्वास घेता येतो, पण तिथे पाणी तापलेलं. मध्ये जो पट्टा उरतो त्यात सगळे दाटीवाटीने उभे. लोकलच्या डब्यात उभ्या असलेल्या माणसाला खाली खेचायचं, शंभर मीटर पळवायचं, दोन मिनिटं नाक दाबून फोटो काढायचा आणि परत त्याच डब्यात कोंबायचं, आणि वर म्हणायचं, 'बघ, सोडलं की नाही तुला!'

आणि यातला कयाकचा वाटा, जो मला कुणी सांगितला नव्हता. मोटरबोट वजनदार, त्यावर उभं राहून जाड दोरीने मासा दोन मिनिटांत वर घेता येतो. कयाक माशाबरोबर वाहत जाते. जोर लावला की आपणच त्याच्याकडे ओढले जातो. म्हणजे ज्या बैलगाडीचं मला एवढं कौतुक, तिनेच माशाची दमछाक लांबवली होती. सोज्वळपणा कार्बनच्या हिशोबात असेल, माशाच्या हिशोबात नाही.

पुढचं अजून वाईट. मासा मेला हे मान्य केल्यावर वाटलं, निदान घरी नेऊन खाऊ. पण त्या वर्षी मे महिन्यापासून उपसागरात नियम होता, दिवसाला एक मासा आणि तोही १९ ते २४ इंचांच्या मधलाच. एकतीस इंची मासा ठेवणं गुन्हा, मेलेला असला तरी. नियम बरोबरच आहे हो. मेलेला चालतो म्हटलं की उद्या सगळेच मेलेले सापडतील. तर मी पाच-साडेपाच किलोचा ताजा मासा पुन्हा पाण्यात ठेवला. पांढरं पोट वर करून तो पुलाच्या सावलीतून बाहेर गेला आणि समुद्रपक्षी उतरले. व्हिडिओ मी कधीच चढवला नाही. डिलीटही केला नाही, हेही कबूल करतो.

घरी येऊन वाचत बसलो. आमचा स्वभावच तो, आधी आग लावायची आणि मग लॉग वाचायचे. अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांचं मिळून एक कमिशन आहे, ते या माशाचा हिशोब ठेवतं. त्यांच्या गणितात सोडलेल्या दर शंभर माशांपैकी नऊ मरतात असं धरलेलं आहे. सरासरी नऊ. थंडीत कमी, जुलैच्या दुपारी जास्त. नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण २०१७ साली या माशाचे जेवढे बळी माणसाच्या हातून गेले, त्यातले ४८ टक्के हे 'सोडलेले' मासे होते. हौशी लोकांनी खाण्यासाठी नेलेले ४२ टक्के. जाळी लावणारे धंदेवाईक मच्छीमार उरलेल्या दहा टक्क्यांत. म्हणजे त्या वर्षी ज्यांनी मासा खाल्ला त्यांच्यापेक्षा ज्यांनी न खाता उदारपणे सोडला त्यांनी जास्त मारले. मी ती ओळ तीनदा वाचली.

आणि हे कुठल्या काळात? मेरीलँड १९५४ पासून दर उन्हाळ्यात ठरलेल्या जागी काठावर जाळं ओढून रॉकफिशची त्या वर्षीची पिल्लं मोजतं. आपल्या रापणीचं छोटं भावंड समजा. एका ओढीला सरासरी किती पिल्लं, तो त्या वर्षाचा आकडा. इतक्या वर्षांची सरासरी अकराच्या आसपास. २०१५ ला चोवीस होता. २०१८ चा बरा होता. आणि २०१९ पासून २०२५ पर्यंत सलग सात वर्षं सरासरीच्या खूप खाली. २०२३ ला एक. २०२४ ला दोन. २०२५ ला चार, आणि तेवढ्यावरही लोकांनी सुस्कारा सोडला. कारणं मुख्यतः हवामानाची सांगतात, उबदार हिवाळे, कोरडे वसंत, नद्यांना पाणी कमी. म्हणजे पिल्लं माझ्या गळाने मरत नाहीयेत. पण पिल्लं येत नाहीत तेव्हा जे थोर आहेत तेच भांडवल. माझा एकतीस इंची मासा बहुधा त्या २०१५ च्या पिढीतला होता. याच पिढीला वाचवायला २०२३ मध्ये कमिशनने तातडीने एकतीस इंचांची वरची मर्यादा घातली होती. नऊ वर्षं तो जाळी, सील, बाकीचे गळ चुकवून जगला, आणि माझ्या सेल्फीत गेला.

हे मी आजोबांना फोनवर सांगितलं. आजोबा रेवदंड्याच्या खाडीत आयुष्यभर पाग टाकत आले, आता गुडघ्यांमुळे बंद. त्यांना पकडून सोडायची कल्पना समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. म्हणाले, "म्हणजे भूक नसताना पानावर बसायचं, घास चावायचा आणि थुंकायचा?"

म्हटलं, "आजोबा, तसं नाही. लहान मासे वाढावेत म्हणून सोडतात."

"ते बरोबर आहे. लहान आला तर आम्हीपण सोडायचो. पण एक सोडायचो आणि घरी यायचो. तुम्ही सोडायला म्हणून जाता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. (आजोबांच्या काळात सगळे सोडायचे असंही नाही. तसं असतं तर महाराष्ट्र सरकारला २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून द्यावा लागला नसता. त्याच वर्षी पापलेट आपला राज्यमासा झाला, बाजारात बशीएवढं पापलेट दुर्मीळ झाल्यावर. मेरीलँडने रॉकफिशला राज्यमासा केलं १९६५ ला आणि १९८५ ला त्याची मासेमारी पूर्ण बंद करायची वेळ आली. राज्यमासा होणं हे माशाच्या पत्रिकेत काही चांगलं लक्षण दिसत नाही.)

त्या बंदीची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. १९८५ ते १९९० मेरीलँडमध्ये रॉकफिश पकडायचाच नाही. म्हातारबुवा तेव्हा तरुण होते. त्यांच्या ओळखीतल्या कित्येकांनी जाळी विकली, काही परत पाण्यावर आलेच नाहीत. पण मासा परत आला. १९९५ मध्ये तो सावरल्याचं अधिकृतपणे जाहीर झालं, आणि १९९६ चा पिल्लांचा आकडा एकोणसाठ. आज त्यावर विश्वास बसत नाही.

तर माझं मत आता असं झालंय. पकडून सोडणं हा उपाय म्हणून सुरू झाला आणि आता परवाना म्हणून वापरला जातो. 'सोडतोयच ना' म्हटलं की किती पकडले याला मर्यादाच राहत नाही. नियम मोजतो घरी नेलेला मासा. एकाच्या वर दुसरा नेलात तर दंड. पण सकाळपासून चाळीस पकडून सोडलेत तर तुम्ही आदर्श नागरिक, सरासरीने साडेतीन मासे मारूनसुद्धा. माझ्या दृष्टीने जो माणूस नियमातला एक मासा पकडतो, मारतो, खातो आणि गळ गुंडाळून घरी जातो, तो माझ्यासारख्या सोज्वळ कयाकवाल्यापेक्षा कमी नुकसान करतो. खाणाऱ्याला आपण क्रूर म्हणतो कारण त्याच्या हाताला रक्त लागलेलं दिसतं.

बुवांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं, उद्या सगळे एकेक न्यायला लागले तर ते सोडण्यापेक्षा वाईट, कारण नेलेला मासा शंभर टक्के मरतो. बरोबर आहे. दुसरं, बंदीच्या काळात पुलाखाली उभ्या माणसाला 'तू रॉकफिशच्याच मागे आहेस' हे सिद्ध कोण करणार? तो म्हणेल मी ब्लूफिशसाठी आलोय. हेही बरोबर. तिसरं त्यांनी जे सांगितलं ते मला सगळ्यात लागलं. या माशासाठी सुनावण्यांना जाऊन भांडतात कोण, तर हेच हौशी लोक. त्यांच्या परवान्याच्या आणि गळ-रॉडवरच्या कराच्या पैशावर मोजणी चालते. त्यांना पाण्यावरून हाकललं तर उपसागराकडे बघणार कोण? पुलावरून ताशी नव्वदने जाणारे?

म्हणून मी बंदी मागत नाहीये. मोजा म्हणतोय. लाल झेंड्याला घरी बसा. पाणी तापलेलं असेल तर दुसरे मासे आहेत. उपसागरात ब्लू कॅटफिश नावाचा परका मासा माजलाय, सत्तरच्या दशकात व्हर्जिनियाच्या नद्यांत हौसेसाठी आणून सोडलेला. तो हवा तेवढा पकडा आणि खा, सरकारच विनवतंय. आपल्या मसाल्यात चांगला लागतो, काटे कमी. आणि रॉकफिशच्या मागे गेलात तर जाड दोरी लावा, पाण्यातच गळ काढा, मोजपट्टी-सेल्फी सोडा. हे शेवटचं मला सगळ्यात जड गेलं. ज्याचा फोटो नाही ते घडलंच नाही अशा पिढीत वाढलोय आपण.

२०२५ च्या ऑक्टोबरात एका रविवारी बुवा आणि मी दोघेही गेलो. पाणी थंड झालेलं, हिरवा झेंडा वगैरेची गरज नाही असे दिवस. ओहोटी नुकती सुरू झालेली. दुसऱ्याच खांबाला मला एकवीस इंची लागला. आत्तापर्यंत मी एकही रॉकफिश स्वतः मारलेला नव्हता, हे सांगायला लाज वाटते. आजोबांनी फोनवर सांगितलं होतं तसं केलं. एकच घाव, नीट, आणि लगेच कल्ले कापून बर्फात. हात थरथरले. मग रॉड मागे ठेवून दिली. सात चाळीस झाले होते. उजाडून जेमतेम अर्धा तास.

घरी गेलो नाही, कारण गाडी बुवांची होती. तास-दीड तास नुसता पेडल मारत खांबाखांबांतून फिरलो. मासे लागत होते. प्रत्येक खांबाला लागत होते, बुवांची रॉड सारखी वाकलेली दिसत होती. माझ्या हाताला किती खाज सुटली होती ते काय सांगू. एकदा रॉड उचललीही, आणि परत ठेवली.

रात्री कोकम घालून कालवण केलं. आईने व्हिडिओवर बघून पहिला प्रश्न विचारला, "एवढाच?"

पण त्याआधी, किनाऱ्यावर कयाक ओढून घेताना, मी बुवांना विचारलं होतं, किती झाले? "चौदा," ते म्हणाले, "सगळे सोडले." मी काही बोललो नाही. दोर बांधता बांधता ते थांबले. डीबीए माणूस, गणित डोक्यात होतंच. ओल्या बोटांवर काहीतरी मोजलं, माझ्या बर्फाच्या पेटीकडे बघितलं आणि म्हणाले, "सव्वा. तुझा एक, माझा सव्वा."

मग आम्ही कयाक गाडीवर चढवल्या.